तारीख देण्याआधी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या फायनलला भरत नाट्य मंदिरात मी मागच्या रांगेत होतो, त्यामुळे तुला अभिनय येतो का, यावर शाई घालवत नाही. तू विचारलंस ते वेगळंच: नोकरी सोडून टीव्हीची मालिका घेऊ का, आणि आईला काय सांगू.

आईला आकडे सांग. शूटिंग बहुधा ठाण्यात घोडबंदर रोडला नाहीतर मुंबईत गोरेगावात, शिफ्ट बारा-तेरा तासांची. पुण्याहून रोज जाऊन-येऊन ते जमत नाही, म्हणजे तिकडे खोली आली, डिपॉझिट आलं. पैसे सहसा काम केल्यापासून 90 दिवसांनी. जूनमध्ये कॅमेऱ्यासमोर उभी राहिलीस तर सप्टेंबरपर्यंत घरचंच खायचं. माझ्या पंचवीस प्रयोगांचे पैसे एका निर्मात्याकडे अजून अडकलेत. भेटला की फार प्रेमाने मिठी मारतो. तेव्हा चार-पाच महिन्यांची बेगमी झाल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस.

नोकरी धरून नाटक करणारा अर्धाच नट, असं तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणत असेल. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पीडीए या नाट्यसंस्थेत नाटकं करत राहिले आणि 1969 साली, चाळिशी गाठल्यावर, व्यवसाय सोडला. ‘नटसम्राट’ त्याच्या पुढच्या वर्षीचं. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातले नाना फडणवीस, डॉ. मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. मी साधा बँकेत होतो. रजा साठवायच्या आणि दौऱ्यात उडवायच्या, एवढंच.

घराचं मात्र जरा सविस्तर सांगतो. 12 मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. आमच्या काळात ही गोष्ट तालमीला उशिरा येणाऱ्याला सुनवायची रीत होती. मीही सुनावली आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती रात्र कशी काढली असेल, हा प्रश्न मला साठीत पडला. कमलाबाई गोखल्यांची गोष्ट त्यामानाने कोणी सांगत नाही. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात आई दुर्गाबाईंबरोबर काम, पुढे नवरा अकाली गेला, मुलगे पदरात, आणि पोट रंगभूमीवरच. त्यांतले एक नट चंद्रकांत गोखले, त्यांचे चिरंजीव नट विक्रम गोखले. त्या बाईंना ‘करिअर की संसार’ असं विचारायची सोयच नव्हती. प्रयोग झाला तर चूल पेटायची.

आमच्याकडे भांडणं प्रयोगांवरून झाली नाहीत, न सांगितलेल्या प्रयोगांवरून झाली. मी तारीख घ्यायचो आणि घरी सांगणं उद्यावर ढकलायचो. एका शनिवारी पेपरात जाहिरात आली: रविवारी दुपारी कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहाला, संध्याकाळी चिंचवडला. त्या रविवारी मेव्हण्याचा साखरपुडा होता. बायकोने पेपराची घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि वाढायला घेतलं. एक शब्द बोलली नाही. मी गेलो प्रयोगाला, अर्थात. नाटक बंद कसं पाडणार? पण पहिल्या अंकात माझं एक वाक्य गेलं, ते अजून आठवतं.

तेव्हापासून फोन आला की ‘एक मिनिट’ म्हणतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहतो. तिथे तिच्या अक्षरात काही लिहिलेलं असेल तर तारीख देत नाही. निर्माते कुरकुरतात. एकाने माझ्या जागी दुसरा नट उभा केला. चांगलं करतो मेला.

तुझं लग्न ठरतंय असं कानावर आलंय. त्या मुलाला मालिकेचं आत्ताच सांग, साखरपुड्यानंतर नको.

येत्या रविवारी साडेबाराला यशवंतरावला माझा प्रयोग आहे. आईला घेऊन ये, दोन पास दारावर ठेवतो. कराराचा कागदही आण. पैसे कधी मिळणार आणि मध्येच सोडायचं झालं तर नोटीस किती दिवसांची, ही दोन कलमं मेकअप उतरवता उतरवता आईसमोरच वाचू.

तुझा,
काका