त्रेचाळीस पावले

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियाहून आलेले तुझे पत्र परवा मिळाले. चार पानांपैकी साडेतीन पाने शिकारीच्या धनुष्याविषयी आहेत. पन्नास पौंडांचे धनुष्य (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारे) कमी पडते का, साठचे घ्यावे का, बाण जड करावा का, की ही साध्या लाकडी धनुष्याची हौस सोडून कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य घ्यावे, असे एकामागून एक प्रश्न तू विचारले आहेस. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एकच ओळ आहे : ‘एका डुकराला बाण लागला होता, पण ते सापडले नाही.’ त्या ओळीनंतर तू लगेच पुन्हा पौंडांकडे वळलास. मी अजून त्या ओळीवरच थांबलो आहे आणि हे पत्रही तिच्याचसाठी लिहीत आहे.

रानडुक्कर मारावे का, हा प्रश्न तू विचारला नाहीस आणि मीही काढत नाही. तुमच्या वावरातली तूर आणि हरभरा एका रात्रीत कसा आडवा होतो, हे तू जागलीला बसून पाहिले आहेस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. ती न घेता कुंपणात वीज सोडणारे लोक डुकराबरोबर वाघ मारतात, कधी शेजारचा माणूसही मारतात, आणि त्यांच्याविषयी मला काय वाटते ते तू पूर्वी ऐकले आहेस. तिकडे कॅलिफोर्नियात परवाना काढला की वर्षभर डुकराची शिकार करता येते. तिथले डुक्कर मुळात त्या भूमीतले नाही. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी अठराव्या शतकात आणलेली पाळीव डुकरे रानात गेली, पुढे १९२० च्या दशकात माँटेरे भागात युरोपातली रानडुकरे मुद्दाम सोडण्यात आली, आणि त्या दोघांची संतती आता जवळजवळ सगळ्या राज्यात पसरली आहे. हे सगळे खरे आहे. परंतु तुझे सोबती ‘उपद्रवी जनावर आहे, गेले तर गेले’ असे म्हणाले आणि तू गप्प राहिलास, हे मला पटलेले नाही. उपद्रवी म्हणून ते मारण्याची परवानगी तुम्हाला मिळाली आहे. पोटात बाणाचे पाते घेऊन ते झाडीत पडून राहावे, याची परवानगी कोणी दिलेली नाही.

किती अंतरावरून मारलेस, ते तू लिहिलेले नाहीस. तरी मी सांगतो : चाळीस पावलांच्या आसपास. ते मला कसे कळले, तेही सांगतो. चाळीस पावले म्हणजे जवळजवळ तीस मीटर. शाळेच्या मैदानावर बांबूच्या धनुष्याने, इंडियन राउंड या देशी धनुष्याच्या स्पर्धाप्रकारातल्या तीस मीटरच्या रेषेवर तू सहा वर्षे उभा राहिलास. त्या रेषेवर तुझा हात बसला आहे आणि तेवढ्या अंतरावर समोर काहीही आले की तो हात आपोआप उठतो. दोष त्या सवयीत आहे आणि ती सवय मी लावली आहे, म्हणून आज हे सांगण्याचे काम माझे आहे.

वीस पावले. त्याच्या बाहेर दोरी ओढायची नाही.

मैदानावरचा फलक ऐकत नाही. डुकराची नजर अधू असते, पण त्याचे नाक आणि कान तुझ्या-माझ्यापेक्षा फार पुढचे आहेत. तुझ्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाला चाळीस पावले कापायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी तिथे पोहोचतो. तेवढ्या वेळात जनावर अर्धे पाऊल पुढे टाकते आणि फुप्फुसासाठी सोडलेला बाण आतड्यात जातो. हात अचूक असूनही असे होते. साठ पौंडांचे धनुष्य घेतलेस तर हा वेळ किंचित कमी होईल, आणि ते वजन तुला पेलले नाही तर सोडतानाचा हात मात्र पुष्कळ बिघडेल.

शिवाय डुकराचे शरीर हरणासारखे नसते. त्याचे काळीज आणि फुप्फुसे पुढे आणि खाली, पुढच्या पायाच्या अगदी लगत असतात. हरणावर शिकलेली नजर नेमकी मागे जाते. मोठ्या नराच्या खांद्यावर कठीण, जाड कातड्याची ढाल असते, आणि चरबी अशी की जखमेचे तोंड मिटून रक्त फारसे बाहेर पडत नाही, त्यामुळे मागावर कधी कधी थेंबसुद्धा सापडत नाही. म्हणून ते तुझ्याकडे थोडी पाठ करून तिरपे उभे राहीपर्यंत थांबायचे, आणि पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, समोरच्या खांद्याच्या दिशेने पाते जाईल असे पाहायचे. हे वीस पावलांवरून दिसते. चाळिसांवरून फक्त डुक्कर दिसते.

उतारावर आणखी एक गोष्ट होते. वरून खाली किंवा खालून वर मारताना बाण दोन्ही वेळा वर जातो, कारण त्याची घसरण आडव्या अंतराप्रमाणे होते आणि डोळा तिरपे अंतर मोजतो. वीस पावलांवर हा फरक थोडाच असतो. पुढे तो वाढत जातो, आणि त्यातच माणूस कमरेतून वाकण्याऐवजी नुसता हात खाली करतो, म्हणजे सगळेच बिघडते. तू मैदानावर कमरेतून वाकायला कधी शिकला नाहीस, कारण मैदान सपाट होते. आता शिक. एखाद्या टेकडीच्या उतारावर माती भरलेले पोते ठेव आणि वरून रोज वीस बाण मार, पण वीस पावलांवरूनच.

जवळ कसे जायचे, हे तुझ्या साडेतीन पानांत कुठेच नाही. उन्हाआधी गार हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या अंगाने चढायचे. ऊन तापले की हवा वर जाऊ लागते आणि मग वरून उतरायचे. या दोहोंच्या मधला जो अर्धा-पाऊण तास हवा कुठलीच बाजू धरत नाही, तेवढा वेळ बसून राहायचे. तुम्ही पाच जण होता आणि सगळे एकदम निघालात, असे लिहितोस. पाच माणसांचा वास एका दरीत घेऊन गेल्यावर वीस पावलांवर कोण येऊ देईल? या दिवसांत तिथे ओकची फळे गळतात आणि डुकरे ती खायला त्या झाडांखाली येतात. एकट्याने वाऱ्याची बाजू राखून तिथे बसलास, तर अंतर तीच कमी करतील.

त्याच राज्यात १९११ साली इशी नावाचा एक मनुष्य ओरोविल गावात एकटाच डोंगरातून खाली आला. ‘याही’ नावाच्या तिथल्या आदिवासी जमातीपैकी तो शेवटचा उरला होता. १९१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्षयाने तो गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि तिकडे आज जी साध्या धनुष्याची शिकार चालते तिची परंपरा बरीचशी या दोघांपासून सांगतात. लांबच्या फलकावर इशीचा नेम काही विशेष नव्हता, पोप त्याला त्यात सहज मागे टाकत. पण रानात तो जनावराच्या इतक्या जवळ जाई, किंवा त्याला आवाज देऊन इतके जवळ आणी, की लांबच्या नेमाची त्याला गरजच पडत नसे. तू ज्या डोंगरांत हिंडतोस तिथली विद्या ही आहे. ती सोडून तू दुकानात जाऊन पौंड विचारतोस, याचा मला राग येतो.

आता माझे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला हे सगळे लिहिण्याचा अधिकार नाही.

१९७० च्या हिवाळ्यात मी पंधरा वर्षांचा होतो. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला, गाविलगडच्या उतारावर, काकाजींबरोबर आम्ही अकरा जण हाक्याला गेलो होतो. सगळ्यांत वडील एक कोरकू गृहस्थ होते आणि माझा कामठा त्यांनीच करून दिला होता. दुपार कलल्यावर एक नर सागाच्या झाडीतून निघून नाल्याच्या काठावर उभा राहिला. माझ्या डाव्या हाताला काकाजी होते, मागे माझ्याहून मोठी दोन मुले होती आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बाण सोडला. तो मागच्या बाजूला, पोटात बसला, हे मी स्वच्छ पाहिले. ते कोरकू आजोबा काही बोलले नाहीत. माझ्या पायापासून नाल्याच्या काठापर्यंत ते चालत गेले, मोजत गेले आणि परत येऊन एवढेच म्हणाले, ‘त्रेचाळीस.’

मग काकाजींनी मला विचारले की बाण कुठे लागला, आणि मी म्हणालो की चाटून गेला. थंडी वाढत होती, खोऱ्यात अंधार लवकर उतरतो, माणसे सकाळपासून उपाशी होती. चाटून गेला म्हटल्यावर शोध थांबला. आजोबा एकटे थोडा वेळ नाल्यात उतरले होते, त्यांनाही हाक मारून परत बोलावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नाल्यात गुरे पाण्यावर नेणाऱ्या एका गुराख्याला त्या डुकराने मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडले. तो वाचला, पण पुढची तीस-पस्तीस वर्षे लंगडत चालला आणि दर आठवडी बाजारात मला दिसत राहिला. मी त्याला कधी सांगितले नाही. त्याची दोन मुले माझ्याकडे शिकली, त्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च मी केला, आणि लोक मला उदार म्हणत. मी पंधरा वर्षांचा होतो, अंधार पडत होता, मोठ्यांनीच परत फिरायचे ठरवले, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही मी ‘पोटात लागला’ एवढे दोन शब्द बोललो असतो, तर अकरा माणसे मशाली घेऊन त्या नाल्यात उतरली असती.

मैदानावर मी तुम्हाला शंका आली की ओढलेली दोरी उतरवायला लावत असे, ते यामुळे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तू तीनदा दोरी उतरवलीस, वेळ संपली, एक बाण भात्यातच राहिला आणि तुझे नाव यादीत आले नाही. तुझे बाबा माझ्यावर संतापले होते आणि माझ्या शिकवण्याने मुलगा भित्रा झाला, असे चारचौघांत म्हणाले होते. मी तेव्हा उत्तर दिले नाही. आज देतो : मी बरोबर शिकवत होतो. चुकलो ते एवढ्यात, की तीस मीटरची रेषा तुझ्या अंगात मुरवली आणि वीस पावलांची रेषा तुझ्यासाठी कधी आखली नाही. पोरांना शिकारीची गोष्टच सांगायची नाही, असे मी ठरवले होते. ते शहाणपण आहे असे मला वाटत असे. आता वाटते, मला फक्त ती गोष्ट टाळायची होती.

तू पुढच्या महिन्यात पुन्हा त्यांच्याबरोबर जाणार आहेस. जा. धनुष्य तेच ने. मात्र निघण्याआधी चौघांशी बोलून हे ठरवून घे की एकाचा बाण लागला की सगळ्यांची शिकार तिथेच थांबेल आणि ते जनावर मिळेपर्यंत पाचही जण त्याच्याच मागावर राहतील. ज्याला हे मान्य नसेल त्याच्याबरोबर जाऊ नकोस, तो तुझा साहेब असला तरी. बाण कुठे लागला, ते मारणाऱ्याने त्याच क्षणी आणि खरे सांगायचे. छातीत लागला असेल तर अर्धा तास जागचे हलायचे नाही. बाण सापडला आणि त्याला आतड्याचा वास आला, तर चार-पाच तास थांबायचे, कारण लगेच मागे गेलात तर ते उठून कोसभर पळेल. शेवटचा थेंब दिसला तिथे एकाने उभे राहायचे आणि बाकीच्यांनी पुढे सरकायचे. रक्त जमिनीवर नसले तर झुडपांच्या पानांवर, डुकराच्या पोटाच्या उंचीवर पाहायचे. दाट झाडीत एकट्याने कधी वाकून शिरायचे नाही.

आणि पहिल्या सकाळी कोणीही शिकारीला निघायच्या आधी तू त्या दरीत उतर, जिथे ते मागच्या वेळी दिसेनासे झाले. सोबत कोणी आले तर ठीक, नाही तर वाट कोणाला तरी सांगून ठेव आणि एकटा जा. जखमी डुक्कर बहुधा उताराला लागते आणि पाण्याजवळच्या गर्द झाडीत बसते. म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांनी हळूहळू जा. आता हाडेच असतील. बरगड्या सापडल्या तर पाते कुठून गेले याची खूण त्यांच्यावर आहे का, ते पाहा. सापडल्या नाहीत, तर तू जिथून बाण सोडलास त्या जागी परत जा, तिथून ते उभे होते तिथपर्यंत चालत जा, आणि किती पावले भरली ते मला लिहून पाठव.

तुझे सर