तुमचे प्रश्न : फिजिओथेरपीला जाऊ का?

प्रश्न : मला खेळाची खूप आवड आहे, एखाद्या टीमबरोबर काम करता यावं म्हणून फिजिओथेरपीला जायचंय. पण घरी सगळे म्हणतात एवढी वर्षं शिकून शेवटी मालिशच करायची ना? आणि मी अगदीच बारीक आहे, पेशंट उचलायला लागले तर झेपेल का मला?

उत्तर : घरच्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये, सुरुवात खरंच मसाजपासून झाली. १८९४ साली इंग्लंडमध्ये चार नर्सनी मिळून मसाज शिकलेल्यांची संस्था काढली आणि तीच पुढे तिथली चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली. पण नंतर पहिलं महायुद्ध आलं, पोलिओच्या साथी आल्या, जखमी सैनिकांना आणि लहान लहान मुलांना परत उभं करायचं होतं, तिथे नुसत्या मालिशने काय होणार! आता कोर्समध्ये मसाज असतो, पण थोडाच. खरा वेळ जातो तो दुखण्याचं मूळ शोधायला शिकण्यात.

म्हणजे असं बघ, खांदा दुखतो म्हणून कोणी आलं तर दुखणं खांद्याच्या सांध्याचं असू शकतं, मानेत दबलेल्या नसेचं असू शकतं, पित्ताशय बिघडलं तरी उजवा खांदा दुखू शकतो, आणि हार्टचं दुखणं तर डाव्या खांद्यात-हातात जातंच. यातलं नेमकं कुठलं हे उपचाराला हात घालायच्या आधी ओळखायचं आणि आपल्या हातातलं नसेल तर सरळ डॉक्टरांकडे पाठवायचं. कंबरदुखीचा पेशंट म्हणाला की बसायची जागा बधिर झालीये आणि लघवीला होत नाहीये, तर एकही व्यायाम न देता त्याला ताबडतोब हॉस्पिटलला धाडायचं असतं, तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून तर सुरुवातीलाच अॅनाटॉमी इतकी घोटून घेतात, कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला चालवते, सगळं तोंडपाठ.

ताकदीची काळजी सोड. अर्धांगवायूचा पेशंट बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचा असतो तेव्हा खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला तिरकी लावतात, ब्रेक लावतात, फूटरेस्ट बाजूला करतात, त्याला बेडच्या कडेला आणून पावलं गुडघ्यांखाली घेतात आणि पुढे वाकायला सांगतात, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं. तसं वाकलं की वजन आपोआप पावलांवर येतं आणि ढुंगण उचललं जातं, आपण फक्त त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेकू देऊन त्याला वळवायचं. यात जोर कमी आणि पद्धत जास्त. जड पेशंटला दोघं लागतात किंवा पेशंट उचलायचं यंत्र वापरतात, एकट्याने हिरोगिरी करणाऱ्याची कंबरच आधी जाते.

आणि टीमचं स्वप्न जरूर ठेव, पण शिकताना तू आयसीयूतही असशील, छातीतला कफ मोकळा करताना, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बेडच्या कडेला बसवताना. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेली मुलं, बाळंतपणानंतरच्या बायका, पडायची भीती बसलेले आजी-आजोबा, हे सगळं करावंच लागतं. फक्त खेळाडूच हवेत असं असेल तर हा कोर्स फार लांब वाटेल.

प्रश्न : मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. फिजिओथेरपी त्यामानाने सोपी असते असं ऐकलंय, तिला तिकडे घालावं का?

उत्तर : ताई, सोपी आहे म्हणून नका घालू. फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी, न्यूरॉलॉजी यातही आहेच, वर फिजिक्सही सुटत नाही, सांध्यावर किती भार येतो ते तरफेच्या गणितानेच कळतं. शिवाय वर्गातली मुलं एकमेकांवरच प्रॅक्टिस करतात, हाड बोटांनी चाचपून शोधायचं, गोनिओमीटर लावून गुडघा किती अंश वाकतो ते मोजायचं, त्यामुळे अंगाला हात लावायचा-लावून घ्यायचा संकोच सोडावा लागतो. मनात नसताना आलेली मुलं हुशार असूनही रडतखडत शिकतात, मला ते बघवत नाही. तिलाच विचारा, आणि तिने हो म्हटलं तर "मेडिकल हुकलं" हे वाक्य घरात परत काढू नका.

प्रश्न : हल्ली मशीन लावून बरं करतात ना, मग शिकायला एवढी वर्षं कशाला?

उत्तर : मशीन लावायलाही शिकावंच लागतं. अल्ट्रासाउंड, म्हणजे सोनोग्राफीचं नव्हे तर दुखऱ्या जागी ध्वनिलहरी सोडणारं मशीन, १ मेगाहर्ट्झवर लावलं तर खोल जातं आणि ३ वर वरवर राहतं, आणि कॅन्सरच्या गाठीवर ते लावतच नाहीत. पण मशीन दुखणं थोडं कमी करतं एवढंच, चालायला शिकवणं, घाबरलेल्या माणसाला रोज तोच व्यायाम करायला लावणं हे त्याच्याने होत नाही. अर्ज भरायच्या आधी एखाद्या रिहॅब विभागात, म्हणजे पेशंटला परत हिंडतं-फिरतं करतात तिथे, परवानगी काढून काही दिवस नुसतं बसा, शक्यतो स्ट्रोकच्या पेशंटकडे, तिथे सुधारणा इतकी हळू असते की आपल्याकडे धीर आहे की नाही ते तिथेच कळतं.