आर्मेनियात दिवसाला तीन मठ नकोत

प्रश्न : आम्ही एकाच सोसायटीतले चौदा जण, बहुतेक साठीच्या पुढचे. दुबई, थायलंड, युरोप झालं. आता फारसं कुणी जात नाही असा, जुन्या इतिहासाचा देश बघायचाय. आर्मेनियाच्या आठ दिवसांच्या पॅकेजचा कागद सोबत पाठवलाय, त्यात अठरा ठिकाणं आहेत. पैसे वसूल होतील ना? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कागद वाचला. अठरापैकी अकरा तर मठच आहेत! तिसऱ्या दुपारी अर्धी मंडळी बसमधून उतरायचीच नाहीत. ‘तुम्ही या बघून, आम्हाला फोटो दाखवा,’ म्हणतील. इतिहासाच्या बाईंनी काढलेल्या सहलीतसुद्धा हे होतं, तुमच्याही होईल. देश मात्र छान निवडलात. आता यादीतली निम्मी नावं खोडा.

एक नाव उलट घाला, ते त्यांनी गाळलंय : एरेबुनी. राजधानी येरेवानच्या कडेच्या टेकडीवरचा हा किल्ला. उरार्तू या प्राचीन राज्याचा राजा पहिला अर्गिश्ती याने तो इसवीसनपूर्व 782 मध्ये बांधला आणि तसं दगडावर क्युनिफॉर्म या खिळ्यांसारख्या अक्षरांच्या लिपीत कोरूनही ठेवलं. रोमची स्थापना परंपरेनं 753 ची धरतात, म्हणजे येरेवान त्याहून थोरलं. वर भिंतींच्या खालच्या रांगाच दिसतात, म्हणून टूरवाले टाळतात. शनिवारवाड्यात तरी चौथऱ्यांशिवाय काय उरलंय? पण पाहुण्यांना आपण नेतोच ना!

गार्नी आणि गेघार्द एका दिवसात होतात, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. गार्नीचं देऊळ साधारण पहिल्या शतकातलं, चोवीस खांबांचं. 1679 च्या भूकंपात ते कोसळलं आणि 1969 ते 1975 या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभं केलं. खांबांपाशी जाऊन बघा : जिथे मूळ दगड मिळाला नाही, तिथे नवा बसवला, पण त्यावर नक्षी काढली नाही. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे आपल्यासारख्यालाही कळतं. आपल्याकडच्या जीर्णोद्धारवाल्यांना एकदा तिथे न्यायला हवं. दगड काळा, बेसॉल्टच, सह्याद्रीत असतो त्या जातीचा.

गेघार्दच्या मठाला निदान दोन तास ठेवा, इथे घाई केलीत तर मी ऐकून घेणार नाही. मुख्य चर्च 1215 चं, बांधलेलं. पण त्याला लागून डोंगर कोरून केलेली तेराव्या शतकातली दालनं आहेत, खांब, कमानी, घुमट सगळं अखंड खडकातलं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पाहिलेल्या माणसाला ‘कोरलंय’ याचं अप्रूप वाटणार नाही, त्यानं उजेडाकडे बघावं. आपल्या लेण्यात तो समोरून येतो. इथे घुमटाच्या माथ्यावर भोक ठेवलंय, तिथून एक झोत खाली उतरतो, बाकी अंधार. एका दालनात झरा आहे आणि त्याचं पाणी फरशीवरून वाहतं, तेव्हा तळव्याला पकड असलेले बूटच घाला. बाहेरच्या पायऱ्यांनी वरच्या दालनात जाता येतं. तिथे आवाज फार घुमतो. आमच्यातल्या एका काकूंनी नुसता षड्ज लावला, तर तो विरेपर्यंत त्यांच्या यजमानांनी मोबाइल खाली ठेवला होता, हे विशेष. प्रार्थना चालू असेल तर अर्थात गप्प बसायचं.

येरेवानमधली एक दुपार मातेनादारान या हस्तलिखितांच्या संग्रहालयाला द्या. तिथे 28 किलोंचा एक कातडी ग्रंथ आहे. आर्मेनियन लोकांच्या 1915 च्या नरसंहारात दोन बायकांनी तो दोन भाग करून पळवला आणि वाचवला. भांडारकर संस्थेच्या दारावरून रोज जाऊन कधी आत न गेलेल्यांनी तर जरूर बघावा.

तातेवचा मठ एका दिवसात उरकू नका. येरेवानपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तेही डोंगरी रस्त्यानं. जवळच्या गोरिस गावात मुक्काम करा आणि सकाळी 5.7 किलोमीटरच्या रोपवेनं दरी ओलांडून मठात जा. तुमच्या कागदावर ‘त्याच दिवशी रात्री येरेवानला परत’ लिहिलंय. हे बदलून देत नसतील, तर दुसरा टूरवाला गाठा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. ठेपले, खाकरे किती न्यावेत? (सदाशिव पेठ)

उत्तर : प्रवासापुरते. बॅग भरून नेऊ नका. लवाश ही जमिनीतल्या भट्टीत भाजलेली पातळ रोटी सगळीकडे मिळते. सोबत चीज, टोमॅटो, काकडी, वांगी, अक्रोड, भरपूर ताजी हिरवी पानं. झेंग्यालोव हात्स आवर्जून खा. कणकेच्या पारीत निरनिराळ्या पालेभाज्या चिरून भरतात आणि तव्यावर भाजतात. ईस्टरआधीच्या उपवासात भाविक मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात. त्या उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना ‘पसुत्स’ म्हणतात, हा शब्द पाठ करून जा. ‘पसुत्स तोल्मा’ म्हणजे डाळी-धान्यं भरलेली पानांची गुंडाळी, नुसतं ‘तोल्मा’ म्हणालात तर खिमा येईल. सूप मागण्याआधी मात्र विचारा, पाणी बऱ्याचदा मटणाचं असतं. आणि चहाची पूड न्या, त्याबाबतीत मी कुणावर विसंबत नाही.

प्रश्न : खोर विरापच्या मठातून अरारात पर्वत समोरच दिसतो म्हणे. मग तुर्कस्तान जोडून करता येईल का? (औंध)

उत्तर : दिसतो, पण तो तुर्कस्तानात आहे आणि ती सीमा 1993 पासून बंद आहे. अझरबैजानची बाजूही बंद. जोडायचाच तर जॉर्जिया जोडा : येरेवानला उतरा, तिबिलिसीहून परत या, म्हणजे त्याच रस्त्यानं मागं येण्याचा दिवस वाचतो. दोन्ही देशांचे व्हिसा वेगवेगळे. तिकीट काढण्याआधी दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर नियम बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वाटेत हाघपातचा मठ लागतो, तिथे थांबायला ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.