केशरी डायलचं पायलट घ्यावं का?

प्रश्न : ऑनलाइन एक एचएमटी पायलट घड्याळ बघितलंय. केशरी डायल, अगदी कोरं करकरीत. विकणारा म्हणतो, १९७०च्या दशकातलं, सगळं ओरिजिनल. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : माझं ऐकाल तर घेऊ नका. पायलटची ओळख काळ्या डायलची. इतक्या जुन्या घड्याळाची डायल कोरी दिसली, की ती नव्याने रंगवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

डायलचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि मोठा करून बघा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या डायलवर शाई पसरते, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त जाड होतात, कधी आकड्यांशी जुळतही नाहीत. काट्यांवरचं रेडियम पिवळट आणि डायलवरचं पांढरंशुभ्र असेल, तर दोन्हींपैकी एक नंतरचं.

मागचं झाकण उघडून मशीनचाही फोटो हवाच. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील, तर ते बऱ्याच हातांतून गेलंय. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर विषय तिथेच संपवा.

काच किंवा चावी बदललेली चालते, त्या झिजणाऱ्याच वस्तू. पण डायल गेली की मला त्या घड्याळात जीव वाटत नाही. थोडे डाग पडलेली, पण मूळ काळी डायल मिळाली तर मात्र जरूर घ्या.