वाचकांचे प्रश्न : रात्रीची बिल्ड का अडते?

प्रश्न : हिंजवडीत मी मायक्रोकंट्रोलरसाठी (उपकरणातील छोट्या नियंत्रक चिपसाठी) फर्मवेअर, म्हणजे त्या चिपवर चालणारा प्रोग्राम, लिहितो. माझ्या संगणकावर बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करण्याची क्रिया) पूर्ण होते. सर्व्हरवर रात्री चालणारी स्वयंचलित बिल्ड मात्र 'मल्टिपल डेफिनिशन' (एकाच नावाच्या अनेक व्याख्या) म्हणत लिंकरपाशी, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनापाशी, अडते. दोष कोठे शोधावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : प्रथम दोन्हीकडील कंपायलरची (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाची) आवृत्ती ताडून पाहावी. हेडर फाइलमध्ये (अनेक फाइल्स आपल्यात समाविष्ट करून घेतात अशा सामायिक फाइलमध्ये) 'एक्स्टर्न' (व्याख्या दुसरीकडे आहे असे सांगणारा शब्द) न लावता आणि सुरुवातीची किंमत न देता लिहिलेले सी भाषेतील ग्लोबल व्हेरिएबल (साऱ्या प्रोग्रामला सामायिक असलेले चल) जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्या मुकाट्याने एकत्र करून घेत असत. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून मात्र, ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्याची स्वतंत्र व्याख्या धरली जाते आणि लिंकर तक्रार करतो. म्हणून हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहून मूळ व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवावी. कंपायलरला 'एफकॉमन' हा जुनी पद्धत परत आणणारा पर्याय देऊन वेळ मारून नेता येते, पण मला ते पटत नाही.