गच्चीवरच्या पवनचक्कीने वीजबिल निम्मं होईल?

प्रश्न : माझा प्लास्टिकचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. गच्चीवर कायम भरपूर वारा असतो. विक्रेता म्हणतो, 5 किलोवॉटची पवनचक्की गच्चीवरच बसवा, मनोऱ्याचा खर्च वाचेल आणि बिल निम्म्यावर येईल. घेऊ का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. 5 किलोवॉट हा आकडा खोटा नाही, पण तो बहुधा सेकंदाला 11 मीटर वेगाच्या वाऱ्याचा असतो. म्हणजे ताशी 40 किलोमीटर. हातात छत्री धरवत नाही असा वारा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते आणि तशीच घसरते. वेग निम्मा झाला, की ताकद आठव्या हिश्शावर. पात्यांचा व्यास 5 मीटर धरला, तर सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात तीच चक्की जेमतेम 450 वॉट देईल. त्यावर मोल्डिंग मशीन चालणं सोडाच, तिचे हीटरसुद्धा नीट तापायचे नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती गच्चीची. अशाच एका इमारतीवर आम्ही 6 मीटरच्या बांबूला दर मीटरवर रिबीन बांधली आणि तो कठड्याजवळ उभा केला. वरच्या दोन रिबिनी ताठ, एकाच दिशेला. खालच्या चार कधी पुढे, कधी मागे. एक तर सरळ वर उडत होती. वारा मात्र अंगाला चांगलाच झोंबत होता! भिंतीवर आदळून वर आलेला वारा असाच भोवरे घेतो. त्यात चक्की सारखी तोंड फिरवत राहते, बेअरिंग लवकर झिजतं आणि थरथर स्लॅबमधून खाली उतरते. म्हणून मनोऱ्यात काटकसर नको. 150 मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा पात्याचं खालचं टोक निदान 9 मीटर वर हवं. त्यात झाडंही धरा, आणि ती वाढणार हेही धरा.

आधी त्या उंचीवर वेगमापक लावून वर्षभर दर दहा मिनिटांची नोंद घ्या. नुसती सरासरी पुरत नाही, कारण थोडे तास सुटलेला जोराचा वारा बरीचशी वीज देऊन जातो. त्या नोंदी आणि चक्कीचा वेगानुसार उत्पादनाचा तक्ता जुळवला, की वर्षाचे युनिट कागदावरच निघतात. विक्रेत्याला ते तुमच्यासमोर काढायला लावा. नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

नोंदी हाती आल्या, की मला जरूर पाठवा. मापक किती उंचीवर होता, तेवढं लिहायला विसरू नका.