पब्लिक आयपी एक, फोन सर्व्हर तीन

प्रश्न : आमच्याकडे पीएफसेन्स फायरवॉल आहे, पब्लिक आयपी एकच. आत अ‍ॅस्टेरिस्कचे (इंटरनेटवरून फोन चालवणारं सॉफ्टवेअर) तीन सर्व्हर, तिन्हींची ट्रंक, म्हणजे बाहेरच्या फोनची लाइन, एकाच कंपनीची. आउटबाउंड नॅटमध्ये (बाहेर जाताना आतला पत्ता पब्लिक आयपीत बदलणारी सोय) ‘स्टॅटिक पोर्ट’ चालू आहे. पहिला सर्व्हर व्यवस्थित चालतो, दुसऱ्याचं रजिस्ट्रेशन (कंपनीकडची नोंद) होतच नाही. तिसऱ्याला ५०८० पोर्ट दिला. तो रजिस्टर होतो, पण पलीकडचा आवाज येत नाही आणि येणारे फोन अर्ध्या मिनिटात कटतात.

उत्तर : पहिले दोन सर्व्हर सिपच्या (फोन जोडण्याचे निरोप ज्या पद्धतीने जातात ती) नेहमीच्या ५०६० पोर्टवरूनच बोलताहेत. स्टॅटिक पोर्टमुळे फायरवॉल बाहेर जाताना पोर्ट बदलत नाही. आयपी तोच, पोर्ट तोच, समोरची कंपनीही तीच. मग जो आधी पोचला त्याचीच नोंद टिकते. दुसऱ्याला ५०७० द्या. हा बदल पीजेसिप या अ‍ॅस्टेरिस्कच्या सिप भागाच्या ‘ट्रान्सपोर्ट’ सेटिंगमध्ये होतो आणि तिथे नुसतं रीलोड सहसा पुरत नाही, अ‍ॅस्टेरिस्क रीस्टार्टच करावं लागतं. इथे बरेच जण फसतात.

आवाजाचे पोर्टही वाटून द्या : १०००० ते १०४९९, १०५०० ते १०९९९, ११००० ते ११४९९. एका फोनला ट्रंक आणि एक्स्टेन्शन (आतला फोन) मिळून चार पोर्ट लागतात, म्हणजे ५०० पोर्टांत एका वेळी १२५ फोन बसतात. पोर्ट फॉरवर्ड करताना, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवताना, बाहेरचा आणि आतला आकडा एकच ठेवा, आणि सोर्समध्ये फक्त कंपनीचे आयपी घाला. ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवलात तर उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर हजेरी लावणारच.

आता तिसरा. एसएनग्रेप (सिपचे निरोप दाखवणारं साधन) लावून एक फोन बघा. एसडीपीतल्या (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा मजकूर) ‘सी’च्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे फक्त आत चालणारा पत्ता दिसला, तर कंपनी आवाज तुमच्या घरातल्या पत्त्यावर पाठवतेय. तो पोचणार कसा? फोन कटण्याचं मूळही हेच. आपण पाठवलेल्या ‘२०० ओके’ची (फोन उचलल्याच्या निरोपाची) पोच येत नाही, म्हणून ३२ सेकंदांनी सर्व्हर फोन सोडून देतो. ट्रान्सपोर्टमध्ये एक्स्टर्नल मीडिया आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग या दोन्ही पत्त्यांत पब्लिक आयपी लिहा, लोकल नेटमध्ये आतलं नेटवर्क.

शेवटी पीएफसेन्सच्या डायग्नोस्टिक्समधून जुन्या स्टेट्स (चालू जोडण्यांच्या नोंदी) पुसा. तोवर चालू जोडण्यांना नवे नियम लागूच होत नाहीत, आणि बरोबर केलेलं कामही चुकीचं वाटतं. इंटरनेट कंपनीच्या राउटरवर सिप एएलजी (सिपचे निरोप परस्पर बदलणारी सोय) असेल तर बंद करा.

प्रश्न : तीन पब्लिक आयपी घेतले तर ही कटकट वाचेल?

उत्तर : पोर्टांची वाचेल. जादा आयपी ‘व्हर्च्युअल आयपी’ म्हणून जोडून वन-टू-वन नॅट (एका पब्लिक आयपीला एक सर्व्हर) लावा. मग तिघेही ५०६० वर राहू शकतात. मात्र वॅनच्या (इंटरनेटकडच्या बाजूच्या) नियमात डेस्टिनेशन म्हणून सर्व्हरचा आतला पत्ता द्यायचा, पब्लिक नव्हे. कारण पीएफसेन्स पत्ता आधी बदलतं, नियम नंतर तपासतं.